दोन ते चार लाखांत चालवायला मजा येईल अशी जुनी गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, कोल्हापूर आणि मुंबईच्या आसपास जुन्या गाड्या पाहण्यात, घेण्यात आणि विकण्यात माझी पंधराएक वर्षे गेली आहेत. नात्यागोत्यातले आणि ओळखीतले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बजेट दोन ते चार लाख रुपये आहे, गाडी लहान हवी आहे आणि स्टिअरिंग हाती घेतल्यावर कंटाळा येऊ नये अशी इच्छा आहे, एवढे गृहीत धरले आहे.

या रकमेत चालवायला मजा येणारी गाडी खरोखरच मिळते का?

मिळते, आणि त्याचे कारण आपल्या बाजाराच्या स्वभावात आहे. आपल्याकडे जुन्या गाडीचा भाव ॲव्हरेज, सुट्या भागांची स्वस्ताई आणि पुढे विकताना मिळणारी किंमत या तीन गोष्टींवर ठरतो. वळणावर गाडी किती स्थिर राहते, गिअर किती सहज पडतो किंवा इंजिन वरच्या आरपीएमला किती मोकळे पळते, यासाठी जास्तीचे दहा हजार मोजणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो. म्हणून ज्याला या गोष्टी हव्या असतात, त्याच्या पदरात त्या जवळपास फुकट पडतात.

दुसरे कारण भीतीचे आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील शेवरोलेची विक्री थांबवली, त्यानंतर वर्ष-दीड वर्षात फियाटच्या गाड्या बंद झाल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. या घटनांनंतर त्या गाड्यांचे भाव घसरले, पण गाड्या चालायला होत्या तशाच राहिल्या.

नेमक्या कोणत्या गाड्या पाहाव्यात?

सर्वांत बिनधोक निवड म्हणजे २०११ ते २०१७ या काळातील दुसऱ्या पिढीची स्विफ्ट, आणि तीही १.२ लिटर पेट्रोल. वजन एक टनाच्या आत, इंजिन सुमारे ८५ हॉर्सपॉवरचे, टायमिंगला (म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप जुळवायला) पट्ट्याऐवजी चेन आणि प्रत्येक तालुक्याच्या गावात तिचा मेकॅनिक. खोट एकच, की हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिचा भाव उतरत नाही. त्याच पैशांत दुसऱ्या कंपनीची दोन वर्षे अलीकडची गाडी मिळू शकते.

माझी स्वतःची आवड होंडा ब्रिओकडे झुकते. ती २०११ मध्ये आली, आणि डिकी इतकी लहान की गणपतीला कोकणात जाताना सामान मागच्या सीटवर ठेवावे लागते. त्यामुळे ती बाजारात कधी फारशी चढली नाही. परंतु जेमतेम ९३० किलोच्या आसपास वजन आणि १.२ लिटरचे ८८ हॉर्सपॉवरचे इंजिन हे गणित कात्रज घाटाच्या पहिल्याच वळणावर समजते. पैसे थोडे अधिक असतील आणि घरात माणसे जास्त असतील, तर २००८ च्या अखेरीपासून २०१३ पर्यंत विकली गेलेली १.५ लिटर पेट्रोल होंडा सिटी पाहावी. तिचे ११८ हॉर्सपॉवर आजच्या अनेक नव्या गाड्यांनाही लाजवतात. मात्र ती जमिनीला जवळ आहे, त्यामुळे पाच माणसे बसल्यावर सोसायटीचा गतिरोधक तिच्या पोटाला लागतो.

फोर्ड फिगो ही या यादीतील खरी किफायतशीर गाडी होय. २०१० मधील पहिल्या फिगोला हायड्रॉलिक स्टिअरिंग होते, आणि रस्त्याचा पोत हाताला कळणे म्हणजे काय हे ज्याला अनुभवायचे आहे त्याने ती एकदा चालवून पाहावी. २०१५ च्या दुसऱ्या पिढीत स्टिअरिंग इलेक्ट्रिक झाले, पण १.५ लिटर डिझेल इंजिनाने सुमारे १०० हॉर्सपॉवर आणि २१५ न्यूटन मीटर टॉर्क दिला. इतक्या लहान गाडीत एवढा जोर असल्यामुळे ओव्हरटेक करताना गिअर खाली आणण्याचीही फारशी गरज पडत नाही.

फियाट पुंतो २००९ मध्ये आली आणि रांजणगावात तयार होत असे. तिचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग आजही त्या किमतीत कोणाकडे नाही, मात्र १.२ पेट्रोल इंजिन तिच्या वजनाला अपुरे पडते. घ्यायचीच असेल तर १.३ डिझेल घ्यावी, आणि दोन हजार आरपीएमखाली ती ढिम्म असते हे मान्य करून घ्यावी. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोच्या तीन सिलिंडरच्या १.२ पेट्रोल इंजिनाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत तीच गाडी १.६ लिटर पेट्रोल इंजिनातही मिळत असे. ती क्वचितच दिसते, पण दिसली तर जाऊन पाहावी.

दोन लाखांच्या आतच राहायचे असेल, तर २०१० नंतरची ऑल्टो के१०. एक लिटर इंजिन आणि पावणेआठशे किलोच्या आत वजन. तिला कोणी मजेची गाडी म्हणत नाही, कारण बहुतेकांनी ती तिसऱ्या गिअरमध्ये मनापासून कधी पळवलेलीच नसते.

बंद झालेल्या कंपनीच्या गाडीचे सुटे भाग मिळतात का?

रोजचे भाग, म्हणजे फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, लिंक रॉड आणि लोअर आर्म, सहज मिळतात. फियाटचे १.३ मल्टिजेट इंजिन तर स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्येही वापरले गेले, त्यामुळे त्याचे भाग पुढची अनेक वर्षे संपणार नाहीत. अडचण येते ती बंपर, हेडलाइट, दरवाजाचे आतील अस्तर आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांची. म्हणून अशा गाडीत इंजिन थोडे थकलेले चालेल, पण काच, दिवे आणि पत्रा शाबूत हवा. इतर गाड्यांच्या बाबतीत आपण नेमका उलटा विचार करतो. विसार देण्याआधी आपल्या गावातील ज्या गॅरेजवर काम करून घेणार, तेथे जाऊन अशा किती गाड्या येतात ते विचारावे.

पेट्रोल घ्यावी की डिझेल?

वर्षाला पंधरा हजार किलोमीटरपेक्षा कमी फिरणार असाल तर पेट्रोल. २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारी नियंत्रणाखालीच राहिले. त्या मधल्या चार वर्षांत दोन इंधनांच्या दरातील तफावतीमुळे लोकांनी डिझेल गाड्यांवर उड्या घेतल्या. त्या गाड्या दणकून फिरल्या आणि आता त्याच बाजारात आहेत. इंजेक्टर, टर्बो आणि क्लच यांपैकी एक काम जरी निघाले, तरी डिझेलच्या ॲव्हरेजमुळे वाचलेले दोन वर्षांचे पैसे एका बिलात जातात.

पहिल्या फिगोच्या १.४ डिझेल इंजिनाला टायमिंगचा पट्टा आहे. तो कधी बदलला याची पावती मागावी आणि पावती नसेल तर बदललेला नाही असेच समजावे, कारण पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

सीएनजी बसवलेली गाडी खर्चाला बरी असते, पण मजेच्या दृष्टीने तिची शिफारस मी करत नाही. घ्यायची झाल्यास आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि दर तीन वर्षांनी होणारी टाकीची चाचणी झाली आहे का, हे पाहावे.

किती किलोमीटर फिरलेली गाडी घ्यावी? मीटर मागे केला आहे हे कसे ओळखावे?

आकड्यापेक्षा आकड्याचा पुरावा महत्त्वाचा आहे. नव्वद हजार किलोमीटर फिरलेली आणि प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी ही नोंद नसलेल्या चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगितला की जुना इतिहास बहुधा मिळतो. निदान मालकाला सोबत घेऊन गेल्यास मिळतोच. मीटर बदलणे दहा मिनिटांचे काम आहे, परंतु क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगच्या वरच्या भागावर आलेली चकाकी, गिअरच्या मुठीवरील पुसलेले आकडे आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड हे सगळे बदलायला कोणी बसत नाही. पस्तीस हजार दाखवणाऱ्या गाडीचे पेडल गुळगुळीत असेल तर तेथून निघावे. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते: पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चाळीस हजारांच्या गाडीवर तिसरा संच दिसला, तर हिशेब आपोआप लागतो.

अपघातातील किंवा पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

अपघातासाठी बॉनेट आणि दरवाज्यांचे नटबोल्ट पाहावेत. त्यांवरील रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. पुढचा एप्रन (बॉनेटखालचा इंजिनाच्या बाजूचा पत्रा), पिलर (छताला आधार देणारे खांब) आणि डिकीतील स्टेपनीचा खड्डा येथील कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके एकसारखे असतात, गॅरेजचे नसतात. बदललेला बंपर ही मोठी गोष्ट नाही, शहरात ते होतेच. पण एप्रन किंवा पिलर कापलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. काचांवर उत्पादनाच्या खुणा असतात, त्यांतील एखादी काच इतरांपेक्षा वेगळी असेल तर कारण विचारावे.

पुराचे प्रकरण अधिक कठीण आहे. २००५ ची २६ जुलै, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर, २०२१ चे चिपळूण: अशा प्रत्येक पुरानंतर पाण्यात गेलेल्या गाड्या स्वच्छ होऊन दूरच्या जिल्ह्यात विकायला येतात. २०२० च्या हिवाळ्यात पुण्यातील एका विक्रेत्याकडे मी एक पांढरी स्विफ्ट पाहिली होती. आतून चकचकीत, सीट कव्हर नवे, आणि अत्तराचा वास जरा जास्तच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा गुंडाळीच्या तळाच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची सरळ रेघ निघाली. स्टेपनी उचलली तर खालच्या खाचेत मेंदीसारखी बारीक, वाळलेली माती होती. बोटावर घेऊन मी ती विक्रेत्याला दाखवली, तर त्याने "शेतातली गाडी आहे साहेब" असे शांतपणे सांगितले. ती शेतातली असेलही, पण सीट बेल्ट शेतात नांगरायला जात नाही. तेव्हापासून बेल्ट पूर्ण ओढून पाहणे हे माझे पहिले काम असते, बॉनेट नंतर उघडतो. सीटच्या रुळांवरील गंज, गालिच्याखालची ओल आणि फ्यूज बॉक्समधील हिरवट थर हेही तेवढेच बोलके असतात.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील गाडी असेल तर तिला रॅम्पवर चढवून खालून पाहावे. खारा वारा पत्रा आतून खातो आणि वरचा रंग मात्र तसाच राहतो.

गाडी चालवून पाहताना काय करावे?

मालकाला आदल्या दिवशीच सांगावे की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे याची खात्री करावी. थंड इंजिनाचाच आवाज खरा असतो. सुरू झाल्यावर ऑइलचे झाकण उघडून पाहावे. तेथून धूर भसाभस बाहेर येत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे आतून झिजले आहे, आणि पुढील बोलणी तेथेच थांबवावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, तर गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जात असण्याची शक्यता आहे.

नंतर किमान अर्धा तास चालवावी, आणि शक्य असेल तर घाटात. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढून वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट संपली आहे. उतारावर पाय सोडून पुन्हा दाबताना गिअर निसटतो का, ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते का, तिरक्या गतिरोधकावरून नेल्यावर पुढून कटकट येते का, हे पाहावे. या काळात रेडिओ बंद ठेवावा आणि मालकाला गप्प बसवावे. दुसरे अवघड असते.

आणि त्याच अर्ध्या तासात स्वतःला विचारावे की ही गाडी परत द्यायला जिवावर येते आहे का. येत नसेल, तर यांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली तरी ती दुसऱ्या कोणासाठी तरी आहे.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासूनच्या न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, म्हणून तेथील गाड्या दक्षिणेकडे स्वस्तात येतात. पण राज्य बदलले की फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र, येथील रोड टॅक्स आणि बारा महिन्यांच्या आत नवा नंबर घेणे आले. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, तरीही स्वस्ताईचा मोठा वाटा त्यातच जिरतो. तिकडच्या राज्याकडून कराचा परतावा मिळवणे हे कागदावर सोपे आहे. मी तरी हा उद्योग करणार नाही. याउलट एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरची गाडी पुण्यात आणली, तर नंबर बदलावा लागत नाही आणि कर पुन्हा भरावा लागत नाही.

कागदपत्रांत काय पाहावे?

आरसीवरील इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरील नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर मालकाचा क्रमांक, विम्याची मुदत, बाकी दंड आणि बँकेचा बोजा दिसतो. कर्ज फिटले असे मालक म्हणत असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. पिवळ्या पाटीची प्रवासी गाडी नंतर खासगी झालेली आहे का, हेही तपासावे.

नावावर करण्यासाठी विकणाऱ्याचा फॉर्म २९ आणि घेणाऱ्याचा फॉर्म ३० लागतो. कायद्याप्रमाणे राज्याच्या आतील विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. "सह्या करून ठेवल्या आहेत, सावकाश करा" हे वाक्य दोघांच्याही हिताचे नाही. आरसीवर ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात वाढ होईल हे धरून चालावे.

पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी घ्यावी का?

आवड म्हणून घ्यावी, बचत म्हणून घेऊ नये. पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि ते पाच वर्षांसाठी असते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, हेही पाहावे.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाडीला त्रास होतो का?

एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्या इंधनासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते, आणि जुन्या रबरी नळ्या व सील लवकर कडक होऊ शकतात. इंधनाच्या नळ्या तपासून घ्याव्यात आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये.

सुरक्षिततेचे काय?

ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासूनच सक्तीची झाली, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत कोणते मॉडेल घेता यावर सगळे अवलंबून आहे. २०१४ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या पोलोला प्रौढ प्रवाशांसाठी शून्य तारे दिले, आणि दोन एअरबॅगच्या त्याच गाडीला चार. जुन्या बाजारात वरचे आणि खालचे मॉडेल यांतील फरक नव्या गाडीइतका उरत नाही, म्हणून स्विफ्टची झेडएक्सआय किंवा फिगोची टायटॅनियम शोधण्यासाठी महिनाभर थांबावे लागले तरी थांबावे.

ऑटोमॅटिक घ्यावी का?

या बजेटमध्ये शक्यतो नाही. सात गिअरची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) असलेली पोलो जीटी चालवायला अप्रतिम आहे, पण तिच्या मेकॅट्रॉनिक युनिटचे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नियंत्रण भागाचे काम निघाले तर गाडीच्या किमतीचा मोठा भाग त्यातच जातो.

व्यापाऱ्याकडून घ्यावी की थेट मालकाकडून, आणि भाव कसा करावा?

थेट मालकाकडून, आणि त्याच्या घरी जाऊन. पार्किंगमध्ये गाडी कशी उभी असते, पावत्या फाइलमध्ये आहेत की पिशवीत, आणि विकताना काकांचा चेहरा कसा होतो, यावरून जेवढे कळते तेवढे कोणत्याही तपासणी अहवालातून कळत नाही. व्यापारी त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरतो आणि तो शेवटी आपल्याच भावात बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यांच्या किमती उतरल्या. कोणी अजूनही जुन्या हिशेबाने भाव सांगत असेल, तर हे शांतपणे निदर्शनास आणून द्यावे. मुहूर्ताचे वावडे नसेल तर पितृपक्षात फिरावे. त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक घरी बसलेले असते आणि विकणाऱ्याला दसऱ्याची नवी गाडी बुक करायची असते.

विसार पाच-दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नये, आणि त्याच्या चिठ्ठीवर कोणते काम निघाल्यास व्यवहार रद्द होईल हे लिहून घ्यावे.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात काय करावे?

किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम सुरुवातीपासूनच बाजूला ठेवलेली असावी. इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल पूर्वी कधी बदलले हे न विचारता बदलावे. सहा वर्षांपेक्षा जुने टायर खाचा शिल्लक असल्या तरी काढून टाकावेत. रबर कडक झाले की ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड बदलून व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. हे काम स्वस्त आहे, आणि दहा वर्षांची सैल झालेली गाडी त्यानंतर जेवढी बदलते तेवढी दुसऱ्या कशाने बदलत नाही. जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवरून काढून त्याला तो बंद करायला सांगावे आणि स्वतःच्या नावाचा नवा लावावा, कारण नाहीतर खेड-शिवापूरच्या नाक्यावरचे पैसे त्याच्या खात्यातून जातात आणि संध्याकाळी त्याचा फोन येतो.